तात्यांची झोप

भाजलेल्या शेंगांचा वास आला की मला लढाईवरून परतलेले माझे वडील, तात्या आठवतात. रहिमतपूरजवळच्या आमच्या घरी ते रोज मध्यरात्री दचकून उठत आणि मग उजाडेपर्यंत तळमळत.

एकदा आईनं उठून चूल पेटवली, शेंगा भाजल्या. म्हणाली, "आवं, झोप येत न्हाई तर नगा निजू. बसा हितं."

शेंगा सोलता सोलता तात्या पहिल्यांदाच बोलले, "लढाईत माझ्या शेजारचा गडी गेला गं. रोज त्योच हाक मारतोय."

आई ऐकत ऐकत शेंगा सोलून त्यांच्या पुढ्यात ठेवत राहिली. मी वाकळेत भिऊन पडले होते. त्यांना कुणाला तरी हे सांगायचं होतं, हे आता कळतं.

मग ते आडवे झाले. उन्हं अंगणात आली तरी घोरत होते, आणि आई दारात बसून आम्हा पोरांना बोटानंच गप्प करत होती.