गायीचा पाठ

कोल्हापूरच्या महाराजांनी गावोगाव शाळा काढायचं मनावर घेतलं, त्याच्या आधीपासून मी पेठ वडगावाजवळच्या एका खेड्यात मास्तर होतो. देवळाच्या ओसरीवर शाळा, चार इयत्ता आणि मी एकटा. एकीला पाढे लावून द्यायचे, दुसरीला शुद्धलेखन, आणि तिसरीला शिकवता शिकवता चौथीकडे नुसते डोळे वटारायचे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. करता करता आलं, आणि चांगलं आलं. उगाच नम्रपणा कशाला दाखवू?

मग हुकूम आला. ज्या मास्तरानं कोल्हापुरात जाऊन शिकवण्याचं शिक्षण घेतलं नाही, त्याच्या डोक्यावर शिकलेला मास्तर बसवणार. माझ्याच शाळेत मी हाताखालचा! मुकाट्यानं वळकटी बांधली.

तिथल्या वर्गाचे मुख्य म्हणजे कडक इस्त्रीचे, गुळगुळीत गृहस्थ. आयुष्यात खेड्यातली शाळा पाहिली नसावी. पहिल्या दिवशी मी माझ्या शाळेचं सांगायला उभा राहिलो, तर म्हणाले, "ते सगळं विसरा. इथं तुम्ही कोरी पाटी."

शेजारी कबनूरचे एक मुसलमान मास्तर बसले होते. विणकरांच्या पोरांना मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवण्यात त्यांची दाढी पिकली होती. ते माझ्या कानाशी म्हणाले, "कोरी व्हय? हितं लिवायला जागा उरली न्हाय."

त्या दिवशी आम्हाला खडू कसा धरावा ते शिकवलं. पिकल्या दाढीच्या माणसाला! असल्या मूर्खपणाला हसावं तरी किती?

शेवटी परीक्षेचा पाठ. शहरातल्या मुलांचा एक वर्ग त्यासाठीच राखून ठेवला होता. येईल त्या मास्तरानं त्यांना शिकवून दाखवायचं. आम्हा दोघांनाही विषय मिळाला गाय. भिंतीवर गायीचं चित्र टांगलेलं. खिडकीबाहेर खरी गाय बांधलेली होती, पण ती नियमात बसत नव्हती. कबनूरच्या मास्तरांनी मुलांना खिडकीशी नेऊन तीच दाखवली. नापास झाले.

मग माझी पाळी. "मुलांनो, हे काय आहे?"

"गाय! चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट, दूध देती, रवंथ करती!" सगळा वर्ग एका दमात ओरडला. माझा पाठ तिथंच संपला. ही गाय त्या पोरांना किती मास्तरांनी शिकवली होती, देव जाणे. मागे मुख्य पेन्सिल सरसावून बसलेले, आणि मी खांबासारखा उभा. पुढच्या बाकावरच्या पोराला माझी दया आली. तोंडासमोर पाटी धरून तो कुजबुजला, "गुर्जी, आता वासराचं इचारा की. मग फळ्यावर लिवा. लिवताना आमच्याकडं पाठ फिरवू नगा, मार्क कापत्यात."

तो सांगेल तसं केलं. शाळा राखायची होती. मुख्य खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आता तुम्हाला शिकवता येऊ लागलं." त्या खोलीत शिकवण्याचं काम एकट्या त्या पोरानं केलं होतं, हे त्या शहाण्याला कळलंच नाही.

गावी परतलो. पुढे नवी पद्धत चालते की नाही ते बघायला मुख्य स्वतः आले. मी चित्र टांगलं आणि पद्धतीप्रमाणे विचारलं, "मुलांनो, हे काय आहे?"

सकाळी शेणघाण करून, धारा काढून आलेली ती पोरं एकमेकांकडं बघू लागली. शेवटी एक मुलगी उठली. काळजीनं म्हणाली, "गुर्जी, तुमास्नी गाय बी वळखंना व्हय आता?"

मुख्य माझ्याकडं झुकले. "फार अडाणी पोरं हो तुमची. साधी गाय सांगता येत नाही."

मी मान डोलावली. शाळा माझ्याकडेच राहिली.