पदोन्नती नाकारण्याचा माझा तिसरा अर्ज

पदोन्नतीचा आदेश आला तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. शेपूची भाजी होती, एवढं पक्कं आठवतं. पहिला घास घ्यायच्या आत आमच्या साताऱ्याच्या ऑफिसातले चारजण माझ्या टेबलाभोवती जमले आणि एकाच्याही तोंडून 'अभिनंदन' निघालं नाही. "अरेरे, सांगली दिली होय!" म्हणाले. एकाने तर मयताला आल्यासारखा सुस्कारा सोडला आणि सुस्कारा टाकता टाकता माझ्या डब्यातली चटणी चाखून गेला.

मी आस्थापना शाखेत कारकून. म्हणजे कोण कधी रजेवर गेलं, कोणाची बदली झाली, कोणाचं प्रमोशन अडलं, हे सगळे कागद माझ्याच हाताखालून जातात. आमच्याकडे कारकुनाचा अधीक्षक होतो तेव्हा बहुतेक वेळा जिल्हाही बदलतो. ज्याला जायचं नसतं त्याने नकाराचा अर्ज द्यायचा. मग नाव यादीत खाली घसरतं आणि पुढच्याचं नशीब उघडतं. पुरुष नकार देतात तेव्हा कारण असतं शेती. बायकांचं कारण ठरलेलं, कौटुंबिक अडचण. आणि हे अर्ज लिहून देण्यात अख्ख्या ऑफिसात माझा हात कोणी धरू शकत नसे. माझा मसुदा वाचून साहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं, निदान कागदावर सही तरी यायची.

असे दोन अर्ज मी स्वतःसाठीही लिहिले होते. एक तेरा वर्षांपूर्वी, दुसरा सहा वर्षांपूर्वी. त्यामुळे तिसरा येणारच, यात कुणाला काही शंका नव्हती.

आता गंमत ऐका. मी राहते मलकापूरला, कराडला लागून. रोज सकाळी एसटीने साताऱ्याला जाते, सव्वा तास. सांगली कराडपासून दुसऱ्या बाजूला, फार तर पाऊण तास जास्त. रोज उत्तरेला तोंड करून जायची ती दक्षिणेला तोंड करून गेले असते, एवढाच काय तो फरक. पण ऑफिसात सांगलीचं नाव असं घेतलं जायचं, जणू काही तिकडे जायला पासपोर्ट लागतो. "तिकडं लय उकडतं, मॅडम," "तिकडची माणसं वेगळी," असं बरंच काही कानावर आलं. सांगणाऱ्यांपैकी दोघांच्या सासुरवाड्या सांगलीच्या होत्या, त्यामुळे मी ते मनावर घेतलं नाही.

यादीत माझ्या खालोखाल नाव होतं मेजरांचं. मेजर म्हणजे खरे मेजर नव्हेत. फौजेतून हवालदार होऊन परत आला तरी आमच्याकडे त्याला मेजरच म्हणतात. वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, पण फौज संपवून उशिरा नोकरीत आलेले, म्हणून यादीत माझ्या मागे. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलेलं. दारावर 'अधीक्षक' अशी पाटी लागावी आणि मग घरी जावं, एवढीच त्यांची इच्छा होती. माणूस वाईट नाही. मी आजारी पडले तर माझं काम निमूट ओढायचे.

तर आदेश आला त्याच दुपारी मेजर एक कागद घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

"ताई, तुमाला तरास नको म्हणून मीच टाईप करून आणलाय बघा. सही तेवढी करा."

माझा नकाराचा अर्ज! मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं आणि माझा नकार टाईप होऊन, प्रिंट होऊन, टाचणी लागून तयार होता. वाचला. 'माझी कन्या इयत्ता दहावीत शिकत असल्याने व माझ्याशिवाय घर चालत नसल्याने' अशी सुरुवात होती. माझ्याशिवाय घर चालत नाही! सोळा वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं, आणि तेही मेजरांच्या हातचं. नवऱ्याने एकदा जरी म्हटलं असतं तरी मी ते फ्रेम करून टीव्हीच्या वर टांगलं असतं.

माझं डोकं सणकलं. विचारायची काही पद्धत? पण 'मी जाणार आहे' असं तोंडावर म्हणायचंही धाडस झालं नाही, हेही खरं. मग मी जे रोज करते तेच केलं. लाल पेन काढला आणि त्रुटी काढली.

त्रुटी म्हणजे आमच्या ऑफिसचं खरं दैवत. ज्या कागदाला नाही म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही, त्यावर त्रुटी काढायची. कागद परत जातो, दुरुस्त होऊन येतो, परत जातो. तोवर आपण विचार करायला मोकळे. मी समासात लिहिलं : 'घर चालत नाही म्हणजे नेमके काय होते, याचा खुलासा करावा.'

मेजरांनी कागद नेला. दुसऱ्या दिवशी खुलासा हजर : 'स्वयंपाक, औषधपाणी व अभ्यास यांची गैरसोय होते.' मी 'औषधपाणी' या शब्दाखाली रेघ मारली. कोण आजारी आहे ते नमूद करावे. दोन दिवसांनी आणखी एक प्रत. शुद्धलेखन तपासलं, सहा चुका निघाल्या, सहाही गोल करून परत. मेजर घाम पुसत जात होते, येत होते. फौजेत सगळं ऐकायची सवय लागलेली, त्यामुळे एका शब्दाने बोलले नाहीत. आणि मी काय करत होते? मनातल्या मनात खदखदून हसत होते. माझाच नकार, तो लिहिणारा दुसरा, आणि त्यात चुका काढणारी मी! पंधरा दिवसांची मुदत होती, त्यातले अकरा मी असे मजेत घालवले.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो कारखान्यात दुसऱ्या पाळीला जातो, त्यामुळे आमचं बोलणं सकाळच्या चहाला होतं तेवढंच. तो म्हणाला, "तू ठरव." नवरा 'तू ठरव' म्हणाला की समजायचं, त्याचं ठरवून झालंय आणि आता खापर फोडायला आपलं डोकं हवंय. मागच्या दोन्ही वेळेला हेच म्हणाला होता. पोह्यात मीठ जास्त टाकून मी तेवढा सूड घेतला.

बाराव्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमचा नकार अजून आला नाही. तो आला की मेजरांचं पुढं पाठवून टाकू. सोमवार शेवटचा दिवस आहे." त्यांच्याही आवाजात शंका कुठेच नव्हती. मी "हो सर" म्हटलं. बाहेर आले तर मेजर चौथी प्रत घेऊन उभे. माझी बुद्धी फिरली आणि मी शेवटची त्रुटी काढली : 'मुलगी दहावीत असल्याबाबत शाळेचे बोनाफाईड जोडावे.'

मेजर पहिल्यांदाच उलट बोलले. "आवं ताई, बोनाफाईड मी कुठनं आणू? पोरगी तुमची हाय न्हवं?"

खरंच की. स्वतःच्या त्रुटीत मीच सापडले.

घरी येऊन लेकीला म्हटलं, शाळेतून एक बोनाफाईड घेऊन ये. ती गणितं सोडवत बसली होती. "कशाला पाहिजे?" म्हणाली. ऑफिसला लागतंय म्हटलं. "ऑफिसला माझं काय काम?" पोरगी दहावीची, त्यात माझ्या पोटची; तिच्यापुढे थाप फार वेळ टिकत नाही. मी पर्समधली मेजरांची चौथी प्रत काढून दिली. तिने वाचली, एकदा, मग पुन्हा.

"म्हणजे मी कारण?"

"अगं, तसं लिहायची पद्धत असते."

"आधीच्या दोन वेळेला काय लिहिलंवतंस?"

जुन्या अर्जांच्या प्रती कपाटातल्या फाइलीत होत्या. मी नको नको म्हणेपर्यंत तिने फाइल ओढली. पहिला अर्ज ठीक होता. 'अपत्य लहान आहे.' दोन वर्षांची होती, लहान होतीच. दुसरा तिने मोठ्याने वाचला : 'मुलीस दम्याचा तीव्र त्रास असल्याने.'

"आई! मला दमा कधी झालता?"

मी गॅस बारीक केला.

"मी चौथीत होते. केंद्राच्या स्पर्धेत पळण्यात दुसरी आलते. दमा?"

आता काय सांगणार? त्या वर्षी नुसतं 'अपत्य' पुरेसं वाटेना, वजन पडावं म्हणून मी दमा घातला. दाखलासुद्धा कुणी मागितला नाही. बाई नकार देतेय म्हटल्यावर चौकशी कसली? मला हसू फुटलं, तीही हसली. दोघी पोट धरून हसलो. ती खोटं खोटं खोकत घरभर फिरली, इनहेलर आण म्हणाली. मग एकदम थांबली.

"मग तू का नाही गेलीस? खरं सांग."

मी नेहमीची यादी काढली. प्रवास, तुझी शाळा, बाबांची पाळी. ती म्हणाली, "मी ओझं आहे असं तीनदा सरकारला कळवायचं का? या वेळी माझं नाव घालू नको. खरं काय असेल ते लिही."

ती रागात आत गेली. मी कागद घेतला, पेन घेतला. खरं लिहायचं म्हणून बसले आणि विषयाच्या ओळीपासूनच अडले. शेवटी लिहिलं : 'सविनय सादर करण्यात येते की, मला भीती वाटते. सबब पदोन्नती नाकारत आहे.'

वीस वर्षांत इतका छोटा मसुदा मी केला नव्हता. वाचला आणि लाजले. भीती कसली? गाडीची नाही, सांगलीची नाही. वीस वर्षं मी साहेब लोकांना नावं ठेवण्यात घालवली होती. कोणाला टिप्पणी लिहिता येत नाही, कोणाला नियम माहीत नाही, कोणाची सही बघा कशी लांडी! मी यांच्या जागी असते तर दाखवून दिलं असतं, हे मी इतक्या वेळा आणि इतक्या ठसक्यात म्हटलं होतं की आता जागा समोर आल्यावर दाखवायची वेळ आली होती. आणि दाखवता आलं नाही तर? खालच्या टेबलावर बसून दुसरी कुणीतरी माझी नक्कल करणार, डबा खाताना हसणार. मी काय हसले नव्हते? लेकीच्या छातीवर खोटा दमा ठेवून मी माझं हसू आणि माझी खुर्ची, दोन्ही सांभाळून ठेवली होती. फार वाईट वाटलं मला. तिच्यासमोर हसून घेतलं होतं, आता एकटीला वाईट वाटलं.

तो अर्ज मी फाडला आणि दुसरा लिहिला. दोन ओळींचा. पदोन्नती स्वीकारत असून विहित मुदतीत सांगली येथे रुजू होत आहे.

सोमवारी आवक टेबलावर मेजरच होते. कागद पुढे केला. त्यांना वाटलं बोनाफाईड. चष्मा चढवून वाचला, मग खुर्चीत मागे टेकले.

"मग ताई, माज्याकडनं चारदा का ल्याहून घेतलंत?"

माझ्याकडे एक नाही, पाच चलाख उत्तरं तयार होती. पाचही मी बाजूला ठेवली. "चुकलं माझं, मेजर," मी म्हटलं. "तुम्ही न विचारता लिहिलंत याचा राग आला होता. आणि जायचं की नाही, हे मलाच ठरवता येत नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमच्या मंडळींनी शेजारणीला सांगून टाकलंय वो, साहेब झालो म्हणून. आता त्येंना समजवायला तुमीच चला." मी कबूल केलं, आणि पुढे खरंच गेले, त्यांच्या मंडळींनी मला चहा दिला पण बिस्किटं दिली नाहीत.

मेजरांनी शिक्का उचलला, मग खाली ठेवला. माझ्याच टेबलावरचा लाल पेन मागून घेतला आणि माझ्या अर्जावर गोल काढला. "तारीख न्हाई घातली. तुरुटी हाय." मी निमूट तारीख घातली. मग त्यांनी शिक्का मारला, असा की टेबल हाललं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा लेक कणीक मळत होती. तिला सांगितलं. ती नाचेल, मिठी मारेल, असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं." मग विचारलं, "आता घरी किती वाजता येणार?"

"आठ होतील. कधी सव्वाआठ."

"प्रिलिमच्या वेळेला पण?"

"तेव्हा पण."

"ठीके. मी कुकर लावत जाईन." तिने हात धुतले, न्हाणीत गेली आणि कडी लावली. नळ सुरू झाला. बराच वेळ झाला तरी बादली भरल्याचा आवाज येईना. मी दाराशी जाऊन उभी राहिले. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज होता आणि तो कुठल्याही आईला ओळखू येतो. मी सगळं विसरले. हात दारावर टेकला. तोंडातून 'नाही जात गं' निघणारच होतं.

माझी चाहूल तिला लागली असावी. आतून नाक ओढत, ठणठणीत आवाजात ती म्हणाली, "आई, मी रडतीये म्हणून परत अर्ज लिहायचा नाही, सांगून ठेवते."

"नाही लिहीत," मी म्हटलं, आणि दाराच्या या बाजूला मीही बसून रडून घेतलं.