सातवं बूच

केल्विन पॅस्कोनं एक्केचाळीस वर्षं लोकांच्या घरचे नळ दुरुस्त केले आणि त्याच्या स्वतःच्या न्हाणीघरातला नळ तेवढीच वर्षं टपटपत राहिला. हे तो आपणहून सांगायचा. बायकोनं, नोएलीननं, सांगायच्या आत आपण सांगून मोकळं झालेलं बरं, एवढं शहाणपण त्याला लग्नानं दिलं होतं.

निवृत्त झाल्यावर तो घरात इतका पायांत पायांत यायला लागला, की महिन्याभरातच नोएलीननं वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून त्याच्या चहाच्या कपाखाली सारली. गावाबाहेरच्या धावपट्टीवर, जुन्या हँगरात, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक कॅटलिना दुरुस्त करायला माणसं हवी होती. कॅटलिना म्हणजे उडती बोट. पोट होडीचं, पंख विमानाचे. या जातीच्या कॅटलिनाला चाकंही होती, त्यामुळे तिला पाणी आणि जमीन दोन्ही चालायचं.

"पगार नाहीये," केल्विन वाचून म्हणाला.

"तुला कोण देणार होतं? चहा फुकट आहे. जा."

हँगरातल्या बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी त्या युद्धात विमानातून उडलेलं. कुणाचे वडील, कुणाचा मामा. केल्विनची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "माझ्या वडिलांनी युद्धभर सैन्याच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले. गोळी पाहिली ती खोकल्याची."

या सगळ्यांची प्रमुख रोंडा साबो. तीस वर्षं गव्हाच्या शेतांवरून औषध फवारणारी विमानं उडवून तिचा चेहरा उन्हानं चामड्यासारखा झालेला. तिनं विचारलं, "विमानातलं काय येतं तुला?"

"चार बांधलीयत मी."

"कुठली?"

"प्लास्टिकची. एकाला पंख उलटा लागला."

रोंडा हसली नाही. "प्लंबर होतास ना? मग हिचं पोट तुझं. असल्या विमानाला दोन खोडी. इंजिन तेल गाळतं आणि पोट पाणी पितं. तेल डेस बघतो, पाणी तू बघ."

डेस मुलहर्न म्हणजे इंजिनवाला. त्याची जीभ समोरच्याला त्याच्या पान्यांपेक्षा जास्त घट्ट आवळायची. पुढची बारा वर्षं हे दोघं पत्र्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. बाहेरून डेस पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटा ठोकायचा आणि आतून केल्विन लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, कारण शेपटीच्या निमुळत्या भागात मावेल एवढा बुटका तोच होता. पहिल्या वर्षी ठोकलेल्यांतल्या निम्म्या रिव्हेटा रोंडानं काढायला लावल्या. "हे विमान मी दोनदा बांधलंय," केल्विन बघायला येणाऱ्यांना सांगायचा, "एकदा चुकीचं."

हळूहळू मात्र त्याला एका गोष्टीचा अभिमान जडला. विमानाच्या तळाला सात भोकं होती. आत साचलेलं पाणी जमिनीवर निथळून जावं म्हणून ती उघडी ठेवायची आणि पाण्यावर उतरण्याआधी त्यांत खालून पितळी बुचं आवळायची. केल्विननं त्या बुचांसाठी लाल रंगाची फळी केली, सात खिळे ठोकले, खिळ्यांवर आकडे घातले. नवीन कुणी आलं की त्याला बुचांवर वीस मिनिटं व्याख्यान मिळायचं. डेस म्हणायचा, "लग्नात नवरदेवानं एवढ्या शपथा घेतल्या नसतील."

अखेर एका ऑक्टोबरात, डोंगरापलीकडच्या सरोवरावरच्या विमानमेळ्यात कॅटलिना पहिल्यांदाच लोकांसमोर पाण्यावर उतरणार असं ठरलं. आत शिरलेलं पाणी उपसायला केल्विननंच एक पंप बसवला होता, तो सांभाळायला त्याला आत जागा मिळाली. सकाळी त्यानं साती बुचं स्वतः आवळली. एवढ्यात गावच्या रेडिओवरची एक मुलगी माईक घेऊन आली आणि म्हणाली, "ही बुचं बसतात कशी हो?"

तिनं एक प्रश्न विचारला, केल्विननं सात उत्तरं दिली. शेपटीखालचं सातवं बूच काढून तिच्या तळहातावर ठेवलं, आटे दाखवले, परत घेतलं. मग तिनं नावाचं स्पेलिंग विचारलं. ते सांगताना तो इतका रंगला, की मधलं नावही सांगून बसला. तेवढ्यात रोंडानं हाक मारली आणि तो धावत जाऊन विमानात चढला.

वर गेल्यावर दहा मिनिटांत विमान हेलकावे खायला लागलं. पेपरमिंटची गोळी शोधायला त्यानं खिशात हात घातला. हाताला पितळ लागलं.

बराच वेळ त्यानं ते बाहेर काढलंच नाही. नुसतं अंगठ्यानं चाचपत बसला. मग त्याच्यातल्या प्लंबरनं त्याच्या नकळत गणित मांडलं. भोक एवढं, पाणी इतकं खोल, म्हणजे मिनिटाला साठेक लिटर. पंप ओढतो नव्वद. आपण गुपचूप पंप चालू ठेवला तर कुणाला कळायचंही नाही. समोर डेस खिडकीतून आपलं इंजिन न्याहाळत बसला होता, आणि जगात कुणालाही कळलं तरी चालेल पण याला कळू नये, असं केल्विनला अगदी आतून वाटलं.

सरोवर दिसायला लागलं तेव्हा त्यानं कानांवरच्या यंत्राचं बटण दाबलं.

"रोंडा, तळाला एक भोक उघडं आहे."

"कितवं?"

"सातवं."

"बूच कुठाय?"

"माझ्या हातात."

डेस सावकाश खिडकीपासून वळला. त्याची नजर केल्विनच्या मुठीवर येऊन थांबली.

"ठीक," रोंडा म्हणाली. "परत जाऊ." आणि सरोवराकाठी जमलेल्या गर्दीच्या डोक्यांवरून कॅटलिना वळली आणि आली तशी निघून गेली.

धावपट्टीवर उतरून केल्विन शेपटीखाली आडवा झाला. घाईत पहिल्यांदा आटे तिरपे बसले. "सावकाश होऊ दे," डेस वरून म्हणाला. "तिकडे चार हजारच माणसं खोळंबलीयत." बूच बसलं. मग तापलेलं उजवं इंजिन काही केल्या सुरू होईना. पंधरा मिनिटं डेस त्याला शिव्या घालत राहिला, आणि ती पंधरा मिनिटं केल्विनला मनापासून गोड लागली. नंतर त्याची त्याला लाज वाटली, पण गोड लागली हे खरं.

मेळ्यात त्यांना सगळ्यात शेवटचा नंबर मिळाला. बरीच माणसं गाड्यांकडे निघालीही होती. पाण्याला टेकताना पत्र्यावरून खडी ओतल्यासारखा आवाज झाला, दोन्ही बाजूंच्या काचा पांढऱ्या झाल्या. केल्विन गुडघ्यांवर बसून बॅटरीच्या उजेडात एकेक बूच बघत गेला. साती कोरडी. शेपटीकडच्या एका सांध्यातून मात्र पाण्याची बारीक धार लागली होती, त्याच्या पहिल्या वर्षाच्या कारागिरीतून. या क्षणी आपले डोळे भरून येतील असं त्यानं बारा वर्षं गृहीत धरलं होतं. प्रत्यक्षात पोटात होतं नव्हतं ते बादलीत आलं.

"आत पाणी किती?" रोंडानं विचारलं.

"अर्धी बादली. त्यातलं निम्मं माझं."

काठावर नोएलीन सँडविचचा डबा घेऊन उभी होती. "लाउडस्पीकरवर सांगत होते, तांत्रिक कारणानं उशीर. ते कारण तूच ना रे?"

"तुला कसं कळलं?"

"चव्वेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "खाऊन घे. तोंड पांढरंफटक पडलंय."

सोमवारी रोंडानं त्याच्यापुढे विमानाची नोंदवही ठेवली. त्यानं लिहिलं, 'सातवं बूच काढून परत लावलं नाही, कारण कारागीर मूर्ख आहे.' रोंडानं 'कारण'पासून पुढचं सगळं खोडलं.

"काय झालं तेवढंच लिही. तू कसा आहेस ते आम्हाला माहीत आहे." मग ती पेनाचं टोपण लावत म्हणाली, "तू गणित केलंच असशील वर. पंपानं भागलं असतं, हो ना?"

"भागलं असतं."

"मग बोललास का?"

केल्विननं वही मिटली. "पंप कुणी बसवलाय ते आठवलं."

या वेळी मात्र रोंडा हसली. त्या दिवसापासून बुचं दोघांनी तपासायची असा नियम झाला. दुसरी सही डेसची. उड्डाणाआधी डेस शेपटीखाली सरपटत जातो, प्रत्येक बुचावर बोट टेकवून हँगरभर ऐकू जाईल असा आकडा म्हणतो, आणि केल्विन रिकामे खिसे बाहेर काढून शेजारी उभा राहतो.