फाट्यावर मी पाहिलं ते

देवीसमोर उभं राहायची भीती मला आयुष्यात एकदाच वाटली. एरवी पोहरादेवीच्या जगदंबेचा मी लहानपणापासूनचा भक्त. वडील खांद्यावर बसवून न्यायचे, पुढे मी माझ्या पायांनी जाऊ लागलो, आणि रामनवमीची यात्रा चुकवली असं कधी झालं नाही. आणीबाणी होती त्या चैत्रात मात्र मी गेलो नाही. घरी सांगितलं, पाठ धरली आहे. पाठ ठणठणीत होती. मनाला जे लागलं होतं ते कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं, आणि देवीला तर मुळीच नाही. तिच्यापासून काही लपत नाही हे ज्याला ठाऊक असतं, तोच तिच्यापासून तोंड लपवतो.

मी तेव्हा आमच्या गावचा पोलीस पाटील होतो. गाव मालेगावपासून दोन कोसांवर; आता वाशीम जिल्ह्यात येतं, तेव्हा सगळा कारभार अकोल्याहून चालायचा. पोलीस पाटलाचं काम म्हणजे गावात जे घडेल ते ठाण्याला कळवायचं. मारामारी, चोरी, विहिरीत पडलेलं माणूस, गावात उतरलेला परका पाहुणा. सही करायला मिळते म्हणून मी खूश असायचो. शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून फिरायचो. एक चालायचं, दुसरं नुसतं दिसायला.

गुणवंत हा बौद्धवाड्यातल्या सोनाबाईचा एकुलता एक मुलगा. बाप लवकर गेला, मायने दुसऱ्यांच्या शेतात निंदण करून त्याला वाशीमला शिकवलं. शिकून तो एका संस्थेत लागला आणि ग्रामविकासाचं काम घेऊन आपल्याच गावात परत आला. विहिरींतला गाळ काढणं, नाल्याला बांध घालणं, बायकांना अक्षरओळख, असं त्याचं चालायचं. त्याची एक रीत होती. सरकारी कागद आला की तो पिंपळाखाली बसून मोठ्याने वाचायचा, दोनदा. मग समोरच्या एखाद्या बाईला म्हणायचा, “मावशे, आता तू सांग, काय लिवलं हाये याच्यात?” ती तिच्या शब्दांत सांगेपर्यंत सभा पुढे सरकत नसे. “मायं नोका आयकू, कागद आयका,” हे त्याचं पालुपद होतं.

भूमिहीनांना जमीन देणार असं सरकारने जाहीर केलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते भिंतीवर रंगवलं आणि विसरून गेलो. गुणवंताने ते खरं धरलं. आमच्या टेकडीच्या उतारावर ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, मोठी पट्टी होती आणि ती कित्येक वर्षं गावच्या मोठ्या मालकांच्या वहितीत होती. सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायची कुणाची छाती नव्हती. गुणवंताने दोरखंड घेतला, पाच-सहा बायका सोबत घेतल्या आणि दिवसाढवळ्या ती पट्टी मोजली. मग अर्ज लिहिला आणि तोही पिंपळाखाली दोनदा वाचला. मालकांच्या ओट्यासमोर त्या संध्याकाळी जीप येऊन थांबली होती. मी पाहिली, आणि ठाण्याला कळवण्यासारखं त्यात काही नाही असं स्वतःला समजावलं.

कापूस वेचणीचे दिवस होते. भर दुपारी मी फाट्यावर मालेगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. गुणवंतही त्याच गाडीसाठी आला. आमचं नेहमीसारखं थट्टेचं बोलणं चाललं होतं. तो देव मानत नसे, मी नारळाशिवाय घराबाहेर पडत नसे. “पाटील,” तो म्हणाला, “तुमची देवी नवसाले पावते म्हनता, तं ई-क्लासचं काम काहून नाही सांगत तिले?” मी म्हटलं, “तूच ये न या चैत्रात. सोताच सांग.” तो हसला. तेवढ्यात जीप आली. चौघे उतरले, साध्या कपड्यांत. त्यातल्या एकाला मी ओळखलं. ठाण्यात त्याने मला कितीदा चहा पाजला होता. दोघांनी गुणवंताचे दंड धरले. तो ओरडला नाही, हातपाय झाडले नाहीत. फक्त माझ्याकडे वळून म्हणाला, “पाटील, पाह्यता ना?”

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. जीप निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं. ठाणं कोणतं ते इथे लिहीत नाही. मजकूर तयारच होता: सदर इसम पंधरा दिवसांपूर्वी कुणाला न सांगता, स्वतःच्या मर्जीने गाव सोडून गेला. मी एवढंच विचारलं, “त्याले कधी सोडान?” समोरचा माणूस म्हणाला, “कोणाला? तो तर गेला ना गाव सोडून.” आणि पेन पुढे केलं. माझ्या खिशात दोन होती, तरी मी त्याचंच घेतलं. सही झाली. लोक म्हणतात तेव्हा काळच तसा होता. काळ तसा होता हे खरं, पण सही माझी होती.

सोनाबाई दर बाजाराच्या दिवशी पायी ठाण्यात जायची. प्रत्येक वेळी ते तिला माझा कागद दाखवायचे. तिला वाचता येत नव्हतं. पण मुलाची माय ती, शेजारी उभ्या माणसाकडून तिने तो दोनदा वाचून घेतला. मग एक दिवस माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. रागावली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. म्हणाली, “पाटील, लोकं म्हनतात तुमी फाट्यावर होता. मायं पोरगं सोताच्या पायानं गेलं काय?” मी म्हणालो, “मले माईत नाही, सोनाबाई.” ती डोक्यावरचा पदर सारखा करून गेली. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागेना. पूजेला बसलो की घंटेला हात जाईना.

चैत्र पुन्हा आला तोवर आणीबाणी उठली होती. मी पोहऱ्याला जायची पिशवी भरली. देवीसमोर नाक घासायचं, माफी मागायची आणि मोकळं व्हायचं, असा माझा हिशेब होता. माझी बायको दारात उभी होती. इतके महिने ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, “देवीजवळ जाऊन तोंड उघडता, अन् जिथं उघडाले पायजे तिथं काहून नाही उघडत?” मी पिशवी खांद्याला अडकवली. ते जमत असतं तर यात्रेला निघालोच कशाला असतो?

पोहरादेवीला त्या वर्षी नुसती माणसंच माणसं. बंजाऱ्यांचे तांडेच्या तांडे आलेले, आरशांचे घागरे उन्हात चमकत होते, डफ वाजत होते. मी रांगेत लागलो. पुढच्या माणसाच्या पाठीआडून देवीचा मुखवटा दिसला आणि मला घेरी आली. मी रांगेतून बाहेर पडलो, एका कडुनिंबाखाली कसाबसा बसलो. हातातला नारळ तसाच. मनात म्हणालो, माये, तुझ्या दारातून परत चाललो. मला तुझ्यासमोर येववत नाही. आता तूच काय ते कर.

कुणीतरी माझ्या तोंडावर पाणी शिंपडलं. पांढऱ्या मिशांचा एक बंजारा म्हातारा होता, हातात लोटा, दुसऱ्या हातात गुळाचा खडा. “खाय दादा, ऊन लागलं तुले,” म्हणाला. मी खाल्ला. त्याने रिवाजाप्रमाणे गाव विचारलं. मी नाव सांगितलं तसा तो माझ्या समोर सरकून बसला.

“त्या गावचा गुणवंत मास्तर मायासंग कोठडीत होता,” तो म्हणाला.

त्याचं नाव हरसिंग. नसबंदीच्या गाडीला आडवा झाला म्हणून त्याला त्या थंडीत पकडून दूरच्या एका कोठडीत टाकलं होतं. गुणवंत अकरा दिवस त्याच्यासोबत होता. मग एका सकाळी त्याला बाहेर काढलं आणि परत आणलं नाही. ते अकरा दिवस माझ्या अहवालातल्या तारखेनंतरचे होते, हे मी मनात मोजलं. हरसिंगने धुळीत बोटाने स्वतःचं नाव लिहून दाखवलं, एकेक अक्षर दाबून. “त्यानंच शिकवलं. कोयशानं भिंतीवर लिवून. त्याले नेलं त्या दिवशी मी रडून राह्यलो होतो, तं मलेच समजावे. म्हने, बावा, फिकीर नोको करू. मले उचललं तवा आमचा पोलीस पाटील तिथंच उभा होता. देवीभक्त मानूस हाये. तो सांगीन.”

हरसिंगला माहीत नव्हतं तो कुणाशी बोलतोय. मी त्या झाडाखाली लहान पोरासारखा रडलो. लाखभर माणसांच्या यात्रेत हा एकच म्हातारा माझ्यापाशी लोटा घेऊन का आला, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आजही मी समजावून सांगू शकत नाही. मी माफी मागायला गेलो होतो. देवीने माफी दिली नाही, काम दिलं. ज्याला मी चपलांकडे पाहत सोडून दिलं, तो कोठडीत बसून माझ्यावर भरवसा ठेवत होता. मग मी हरसिंगला सांगितलं मी कोण ते. तो उठून म्हणाला, “मंग चाल. तू बोलशीन तिथं मी बी बोलतो.” आम्ही दोघं मिळून आत गेलो, दर्शन घेतलं.

पावसाळ्यात आणीबाणीतल्या तक्रारींच्या चौकशीसाठी वरून एक अधिकारी मालेगावला आले. आदल्या दिवशी मालकांचा माणूस येऊन सांगून गेला की पाटील, तुम्हाला मुलीचं लग्न करायचं आहे. मी म्हटलं, “हो, अन् तिच्या लग्नात मले तोंड वर करून उभं राहाचं हाये.” एवढं बोललो खरा, पण रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी बायकोने इस्त्रीचा सदरा काढून दिला. आमच्या घरची ती मोठी शाबासकी.

अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर अर्धं गाव जमलं होतं. मी आत गेलो आणि म्हणालो, साहेब, हा अहवाल खोटा आहे, सही माझी आहे, आणि खरं काय ते लिहून घ्या. सांगताना आवाज कापत होता. पण “पाटील, पाह्यता ना?” हे गुणवंताचे शब्द मी उच्चारले आणि आवाज सरळ झाला. ज्याने चहा पाजला त्याचं नावही घेतलं. हरसिंगची साक्ष झाली, खाली त्याने अंगठा दिला नाही, सही केली. शेवटी अधिकाऱ्यांनी सोनाबाईला बोलावून नवा कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, “आखीन एक डाव वाचा, साहेब.” त्यांनी वाचला. मग तिने बाहेर येऊन साऱ्या गावाला तिच्या शब्दांत सांगितलं, “मायं पोरगं पयालं नाही. त्याले धरून नेलं. सरकारच्या कागदावर आलं हे.” माणसांनी अशी आरोळी दिली की बाजारातले लोक धावत आले.

गुणवंत परत आला नाही. त्याचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि दोषींना व्हायला हवी तशी शिक्षाही झाली नाही. हे मी लपवत नाही. पण त्याचा अर्ज त्या चौकशीत पुन्हा वर निघाला. टेकडीची पट्टी सरकारी माणसांनी मोजली, तर दोरखंडाने घेतलेलं माप हातभराने सुद्धा चुकलेलं नव्हतं. पट्टे वाटले गेले, आणि त्यातला एक सोनाबाईच्या नावावर झाला.

शरण जाणं म्हणजे सगळं देवीवर टाकून आपण हलकं होणं, असं मी समजत होतो. तिने मला उलटं शिकवलं. तिच्या पायाशी टाकलेलं ओझं तिने उचलून माझ्याच डोक्यावर ठेवलं, फक्त हात लावून दिला, आणि तेवढ्याने ते पेललं. मी हे सोनाबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुमची देवी तुमाले मुबारक, पाटील. मले तं तो हरसिंग दिसला.” मी वाद घातला नाही. मला दोघंही दिसली.

मृगाची पेरणी सुरू झाली त्या सकाळी सगळा बौद्धवाडा वाजतगाजत टेकडीवर निघाला. मी दूर बांधावर उभा होतो. साक्ष दिल्यावर मी राजीनामा दिला होता, त्याला वर्ष होत आलं होतं. सोनाबाईने ओटीत ज्वारीचं बियाणं घेतलं, तिफणीमागे उभी राहिली आणि मला हाक मारली, “पाटील, इकडं या. पयली मूठ तुमी टाका.”

मी म्हटलं, “मी आता कायचा पाटील, सोनाबाई?”

ती ओटी माझ्यापुढे धरत म्हणाली, “आता तं झाले पाटील. टाका.”