निरोप घेऊन मरणारी यंत्रं

बोर्झिवोय कान्का ऑफिसात आला की आधी बूट काढून लोकरीच्या सपाता चढवतो. तशा इथे, चेक देशातल्या ब्र्नो शहरात, आम्ही सगळेच चढवतो. पण कान्काच्या पायात त्या दिसल्या की हा माणूस कामाला आलाय की दुखणं काढायला, तेच कळत नाही. 'इंजिनियरसाहेब' म्हटल्याशिवाय त्याला ऐकू येत नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत आपल्या हातून एकदाही काही मोडलं नाही, हे तो स्वतःहून सांगतो. वर त्याचा अभिमान बाळगतो.

आमची कंपनी फाइली साठवायची प्रणाली बनवते. प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर, म्हणजे एखादं मेलं तरी काही हरवायला नको. ती तपासण्यासाठी कान्का एका मोठ्या संगणकाच्या पोटात पाच आभासी यंत्रं, म्हणजे संगणकातलेच छोटे संगणक, वसवतो. वसवतो कसला, पोटच्या पोरांसारखी वाढवतो. तीन आठवडे त्यांची घड्याळं जुळवत बसला होता. नावंसुद्धा अळंब्यांची, तो सुट्टीत रानातून टोपली भरून आणतो त्या. एकही विषारी नाही.

चाचणी साधी: फाइली लिहीत राहायचं, मध्येच यंत्रं बंद पाडायची, पुन्हा चालू करून मोजायचं. कान्कानं ती एक्केचाळीस वेळा घेतली आणि एक्केचाळीस वेळा पास. सोमवारपासून एका इस्पितळाचे सगळे एक्स-रे या प्रणालीवर जाणार होते. अहवालावर सही करायची होती झ्लातानं. ती नवी तपासनीस, तिच्या तीन महिन्यांच्या उमेदवारीचा शेवटचा आठवडा. सही अडवली तर घरी बसायची पाळी. केली आणि पुढे एक्स-रे हरवले, तर नाव तिचं.

तिनं एक केलं, जे आमच्यापैकी कुणी केलं नव्हतं. कान्काची यंत्रं बंद पाडणारी आज्ञावली उघडून वाचली. मग त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तो पावाला लोणी लावत होता.

"इंजिनियरसाहेब, यंत्राला मारायच्या आधी तुम्ही त्याला सांगता, हातातलं सगळं डिस्कवर उतरव आणि मग सावकाश बंद हो?"

"अर्थात. नाहीतर बिघडतात ती. मग पुन्हा कोण तयार करणार, तुम्ही?"

"वीज जाते ती अशी विचारून जाते का?"

"आमच्याकडे वीज जात नाही, बाईसाहेब," असं म्हणून त्यानं पावाचा घास घेतला.

झ्लातानं वाद घातला नाही. विभागप्रमुख ओटाकरला बोलावून आणलं आणि त्याच्यादेखत दहा हजार फाइली लिहायला लावल्या. शेवटच्या फाइलीला 'लिहिली' असं उत्तर आलं मात्र, तिनं पाचही यंत्रं वीज गेल्यासारखी एकदम बंद पाडली. न सांगता, न विचारता. कान्का खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच वाकून राहिला.

पुन्हा चालू केल्यावर चार उठली, पाचवं उठलंच नाही. फाइली सापडल्या नऊ हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी. 'लिहिल्या' म्हणून प्रणालीनं छातीठोकपणे सांगितलेल्या तीनशे बारा फाइली कुठेच नव्हत्या; त्या अजून डिस्कवर उतरल्याच नव्हत्या. ओटाकरनं तो आकडा कागदावर उतरवून घेतला. मग इस्पितळाला फोन करायला उठला, सोमवार रद्द.

"तीनशे बारा," झ्लाता कान्काला म्हणाली. "कुणाकुणाची फुफ्फुसं असती ती."

"ते ठीक आहे हो," कान्का म्हणाला, "पण त्या पाचव्याचं काय? किती शहाण्यासारखं चाललं होतं ते."

झ्लातानं अहवालात 'नापास' लिहिलं, आकडा लिहिला आणि सही केली. ओटाकरनं तिला त्याच आठवड्यात कायम केलं. आता ती रोज यंत्रं मारते आणि कान्का रोज सकाळी पाच नवी तयार करून देतो. मला वाटलं होतं, माणूस जरा तरी ओशाळेल. त्यानं अहवालाला एक पुरवणी जोडली: 'सदर यंत्रे अयोग्य रीतीने बंद करण्यात आली.' खाली सही, नावाआधी पदवी लावून.