बेगल कुठे घ्यावा

बेगल हातात आला की काका आधी त्यावर अंगठा दाबायचे. दुकानातच, काउंटरसमोर, मागे क्यूमध्ये माणसं ताटकळत असताना. अंगठा काढला की दबलेली जागा परत वर येते का ते बघायचे आणि मग निकाल द्यायचे. मोठ्यानं आणि मराठीत. "उकडलाय." किंवा, "छे रे, नुसता भाजलाय. भोक पाडलेला पाव आहे हा. चल."

'चल' म्हटलं की निघायचं. गाडीला जागा मिळवायला मी कितीही फेऱ्या मारलेल्या असोत.

तुम्ही लंडनला गेलात आणि चांगला बेगल कुठे मिळतो असं विचारलंत तर दहा जण दहा पत्ते देतील. काका पत्ता देत नसत, दुकान ओळखायला शिकवत. बेगल म्हणजे ज्यू लोकांचा कड्यासारखा गोल पाव. तो आधी उकळत्या पाण्यात सोडायचा आणि मग भट्टीत घालायचा. हल्ली उकडायचा कंटाळा करतात, नुसती वाफ देतात, आणि इथेच सगळं बिघडतं असं काकांचं म्हणणं. "टोस्ट करून देऊ का?" असं कोणी विचारलं की काकांनी पाठ फिरवलीच समजा. "ताज्याला कोण भाजतं? कालचा उरलाय, तो खपवतोय लेकाचा." साल चकचकीत हवी, तिच्यावर बारीक फोड हवेत. आणि क्यूमध्ये दोन-चार म्हातारे भांडत नसतील तर ते दुकान नवीन आहे, तिथे आपण जायचं नाही.

आम्ही लंडनच्या एजवेअर भागात राहायला गेलो ते दोन हजार चारच्या उन्हाळ्यात. मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडून आलेला, बरोबर मेधा, माझी बायको. आमच्या आणि काकांच्या घरामध्ये एकच भिंत. पहिल्या दिवशी बॉयलर चालेना म्हणून मी शेजारी विचारायला गेलो. दाराच्या चौकटीला एक पितळी नळी तिरकी लावलेली होती. मी ती बेल समजून दाबली. परत दाबली. दाबून दाबून बोट दुखायला लागलं तेव्हा दार उघडलं आणि कार्डिगन घातलेले, सत्तरीला आलेले एक गृहस्थ अस्सल मराठीत म्हणाले, "त्यात देवाचं नाव आहे. ते कितीही दाबलं तरी दार उघडायला मलाच यावं लागतं. बेल ही इकडे."

मी इतका चाट पडलो की बॉयलरचं विचारायचं विसरूनच गेलो. माझ्या तोंडाकडे बघून इंग्रजी नाही, गुजराती नाही, थेट मराठी! "तुम्ही मराठी?" मी विचारलं. "मग काय दिसतो? आम्ही शनवार तेली. अलिबागकडचे."

कोकणातले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं दिलेलं हे नाव. काका तरुणपणी इकडे आले आणि रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढत निवृत्त झाले. घरात नवराबायको दोघंच. मुलगी मेलबर्नला. मला ते कायम 'पुणेकर' म्हणत. मी सातारचा आहे हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. "तेच ते," म्हणायचे.

बेगल हा त्यांच्या घराण्यातला पदार्थच नव्हे, हे मला पुढे कळलं. "आमच्या सात पिढ्यांनी बेगल बघितला नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे पोह्यांचा मलिदा. बेगल हे इथल्यांचं, पोलंडकडून आलेल्यांचं."

"मग तुम्हांला एवढं वेड कशाला?"

"सिनेगॉगमध्ये जो भेटेल तो मायेनं विचारायचा, तुम्ही धर्म कधी बदललात हो? चाळीस जणांना समजावलं. एकेचाळिसावा आला तेव्हा म्हटलं, जाऊ दे. यांच्या बेगलमधलं यांच्यापेक्षा जास्त कळलं पाहिजे. म्हणजे प्रश्न तरी बदलेल."

आणि बदलला की! रविवारी सकाळी त्यांच्याकडे फोन यायचे. "पाहुणे आलेत, आज कुठला आणू?" तेच लोक. काका फोनवर तोऱ्यात उत्तर द्यायचे, "आज गोल्डर्स ग्रीनला जा. आपल्या इथला भट्टीवाला सुट्टीवर आहे." पण दुकानातली मुलगी काही त्यांना ओळखायची नाही. दर वेळी गोड आवाजात सांगायची की सर, यात मांसमच्छी काही नाही, तुम्हांला चालेल. काका तिला थँक यू म्हणायचे आणि बाहेर आल्यावर मला म्हणायचे, "बघ, किती काळजी घेते."

रविवारची आमची फेरी ठरलेली. माझी जुनी फोर्ड, काका शेजारी, गुडघ्यावर कागदी पिशवी. घरी काकू वाट बघत असायच्या. वाट बघत म्हणजे अगदी आतुर वगैरे नव्हे. त्या अर्धा बेगल घ्यायच्या, त्याला लोणी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी लावायच्या, खूप वेळ चावायच्या आणि म्हणायच्या, "पाव तो पावच. जबडा दुखला माझा."

"अगं, पण उकडलाय!"

"उकडून काय मोठे मोदक केलेत का?"

काका हताशपणे माझ्याकडे बघायचे. पुढच्या रविवारी आम्ही आणखी लांबच्या दुकानात जायचो. एकदा तर थेट ब्रिक लेनला. तिथे दिवसरात्र बेगल मिळतात. काकूंनी तोही चावला. "बरा आहे," म्हणाल्या. काका त्या दिवशी बागेत शीळ घालत होते, भिंतीपलीकडून आम्हांला ऐकू येत होतं.

हिवाळ्यात काकूंचं हृदय थकत चाललं. डॉक्टरांनी जपायला सांगितलं. एका दुपारी त्यांनी मेधाला बोलावून घेतलं आणि काका वर झोपलेले आहेत याची खात्री करून म्हणाल्या, "आमच्यात एक रीत आहे. मातीला जाऊन आलेल्या माणसानं पहिलं जेवण स्वतःच्या घरचं जेवायचं नसतं. शेजाऱ्यानं आणून द्यावं लागतं. इथली माणसं चांगली आहेत, देतील. पण यांच्या घशाखाली उतरणार नाही ते. तू देशील का?"

मेधा म्हणाली, "काकू, असं काय बोलता!" काकू म्हणाल्या, "हो म्हण ना मग." मेधा हो म्हणाली. घरी येऊन मला सांगताना ती रडली. मी तिला म्हटलं, आपल्याकडेही तेच की, सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलंभात नेऊन देतात. म्हटलं आणि विसरून गेलो.

एप्रिलमध्ये काकूंनी घराची साफसफाई काढली. स्वतः खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या आणि काका सोफ्याच्या खाचेत व्हॅक्यूमची नळी घालत होते. फळ्याही पुसल्या. पीठ, बिस्किटं, पाव, सगळं आमच्याकडे आणून दिलं. आम्हांला वाटलं, आपली दिवाळीआधीची असते तशी झाडलोट.

त्याच आठवड्यात, सकाळी चहा पिता पिता, काकू गेल्या.

त्यांच्यात वेळ लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी दफन झालं. मी काकांना घेऊन गेलो. माणसं आली, प्रार्थना झाली, काकांनी फावड्यानं माती टाकली. ते रडले नाहीत. मीही रडलो नाही. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं. थंडीत बोटं सुन्न होतात तसं सगळं आतून झालं होतं. लोक काकांचा हात हातात घेत होते आणि काका प्रत्येकाला "थँक यू फॉर कमिंग" म्हणत होते, ऑफिसातल्या निरोप समारंभात म्हणावं तसं.

दफनभूमीच्या फाटकाशी हात धुतल्यावर सिनेगॉगच्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, जेवणाची काय व्यवस्था? आमच्याकडून पाठवू का? काकांनी माझ्याकडे बोट केलं. "माझा शेजारी आणणार आहे," ते इंग्रजीत म्हणाले. काकूंचं मेधाशी झालेलं बोलणं त्यांना माहीत नव्हतं. मी मान हलवली.

गाडीत ते म्हणाले, "बेगल आण. साधे. आज काहीतरी गोल खायचं असतं."

"कुठून आणू काका?"

"कुठूनही."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते समोर बघत होते. सिग्नल हिरवा झालेला मला कळलाच नाही, मागच्यानं हॉर्न दिला.

त्यांना घरी मेधापाशी सोडून मी निघालो. आदल्या दिवसापासून त्यांच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आमच्या रस्त्यावरचं दुकान बंद. पुढच्या चौकातलं बंद. गोल्डर्स ग्रीनला गेलो, तिथेही शटर खाली आणि काचेवर एक कागद. तो वाचत होतो तेवढ्यात ट्रॉली ओढत चाललेले एक म्हातारे थांबले.

"या आठवड्यात नाही मिळायचे," ते म्हणाले. "आमचा सण आहे. घरात पावाचा कणसुद्धा चालत नाही."

"एका घरी माणूस गेलंय, त्यांच्यासाठी हवेत."

"ज्यू आहेत?"

"हो."

"मग त्यांना माहीत असेल की."

गाडीत येऊन बसलो. ब्रिक लेनला मिळाले असते, पण ते घेऊन जायचे कुणाच्या दारात? सगळ्या लंडनला बेगल सांगणारा माणूस आपला सण विसरला होता. ते पीठ, ती बिस्किटं आमच्याकडे का आली हे मला तेव्हा कळलं.

परत गेलो तर काका जेवणाच्या टेबलाशी बसलेले. कोटसुद्धा काढला नव्हता.

"मिळाले?"

"दुकानं बंद आहेत काका. तुमचा वल्हांडण आहे ना, पासओव्हर."

"कुठला वल्हांडण?" असं म्हणून ते थांबले. मग छत्री विसरलो म्हणावं तितक्याच साध्या आवाजात म्हणाले, "अरे हो. तिनं तर सगळं घर झाडून घेतलं माझ्याकडून."

मला वाटलं, झालं, आता हे जेवणार नाहीत, आणि काकूंना दिलेला शब्द जाणार. मेधाला हा असला पेच कधी पडत नाही. तिनं सरळ विचारलं, "काका, भात चालतो?"

काकांनी विचार केला. "चालतो. इथल्यांना नाही चालत, आम्हांला चालतो. पण तांदूळ तुमचे हवेत. पातेलं आमचं घे, तुमच्या भांड्यांना पीठ लागलेलं असणार." मग म्हणाले, "आणि निवडावे लागतील. तीनदा. गव्हाचा दाणा राहता कामा नये."

मेधानं घरून तांदळाचं न फोडलेलं पाकीट आणलं, दोन अंडी आणली, तीही गोलच. वेम्बलीच्या दुकानातला बासमती, यंत्रानं निवडलेला, खडा म्हणून शोधून सापडायचा नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मेधानं माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. काकूंच्या थाळीत तांदूळ ओतले आणि आम्ही तिघं डोकी घालून बसलो. काका एका बोटानं दाणे एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकवत होते. सावकाश. एकदा झालं, काही निघालं नाही. दुसऱ्यांदा झालं, काही निघालं नाही. स्वच्छ तांदूळ निवडत बसायला मला इतर वेळी वेड लागलं असतं. त्या दिवशी ते संपू नयेत असं वाटत होतं.

तिसऱ्यांदा निवडताना काकांनी थाळी जवळ ओढली, डोळे बारीक केले आणि मान वर न करता म्हणाले, "अगं, चष्मा दे जरा."

माझा हात थाळीतच राहिला. मेधा उठली. आत जाऊन शोधला, फ्रिजवर होता. आणून त्यांच्या हातात दिला. काकांनी तो डोळ्यांना लावला आणि तिच्याकडे बघितलं.

"तू होय," ते म्हणाले.

मग परत खाली बघून त्यांनी उरलेले दाणे पलीकडे सरकवले. "झाले निवडून. टाक भात."

मेधानं भात केला, अंडी उकडली. पानात वाढलं. काकांनी हात धुतले, काहीतरी पुटपुटले, पण हात पानाकडे जाईना. तो टेबलाच्या कडेवर तसाच पडून राहिला. भाताची वाफ विरली. मी "काका" म्हणालो, ते त्यांना ऐकू गेलं नसावं. शेवटी मेधानं खुर्ची जवळ ओढली, आपल्या हातानं घास केला आणि त्यांच्या तोंडाशी धरला.

"घ्या काका."

त्यांनी तोंड उघडलं.