दिलबहादूरचा हात आणि हिरवे इयर प्लग

“ओमप्रकाशच्या बाजूनं कोण? हात वर!” सावंतकाकांनी हिंदीत आवाज दिला आणि मेसमधले सगळे हात वर गेले. एकशे बावन्न माणसं. एकही हात खाली नाही. मी मोजता मोजता थांबलो, कारण तिसऱ्या रांगेत दिलबहादूरचा हातसुद्धा वर होता.

दिलबहादूर कामगार प्रतिनिधीच्या या निवडणुकीत ओमप्रकाशच्या विरोधात उभा होता. उमेदवारानं विरोधी उमेदवाराला मत दिलं होतं.

“एकमतान् निवड,” सावंतकाका खुशीत म्हणाले. “लिही रे झिला.”

मी काही लिहिलं नाही. मला राग आला होता. मला राग लवकर येतो. पुण्यात कॉलेजला असताना चार वर्षं संघटनेची पत्रकं लिहिली, त्यात या गुणाचा उपयोग झाला. नोकरीत फारसा होत नाही.

नोकरी वेल्फेअर ऑफिसरची. म्हणजे कामगारांची राहण्याची, जेवणाची, प्रवासाची व्यवस्था नियमात बसते की नाही ते बघणारा माणूस. फुटबॉलचा वर्ल्ड कप चार वर्षांवर आला होता. आमची कंपनी कतारमध्ये अल खोरच्या बाजूला एका मोठ्या साईटवर स्कॅफोल्डिंग, म्हणजे लोखंडी परांची, बांधत होती. माणसं मात्र राहायची पार दक्षिणेला, बिरकत अल अवामेरच्या कॅम्पात. जायला दीड तास, यायला दीड तास.

आमच्या ब्लॉकला बस एकच. ती दोन फेऱ्या करायची. शिफ्ट सुटली की पहिल्या फेरीत फोरमन ओमप्रकाशची गँग बसायची. उरलेले सत्तरेक जण बस परत येईपर्यंत साईटच्या गेटपाशी बसून राहायचे. तीन तास. सावली म्हणजे एका कंटेनरची, तीही सूर्य सरकेल तशी सरकणारी. दिलबहादूर त्या सत्तरांतला. नेपाळचा, पस्तिशीचा, परांचीवर माकडासारखा चढणारा आणि जमिनीवर अगदी कमी बोलणारा. त्याला प्रतिनिधी व्हायचं होतं ते फक्त या बससाठी. कारण नवीन नियमाप्रमाणे प्रत्येक ब्लॉकनं एक प्रतिनिधी निवडायचा होता आणि मॅनेजमेंटला दर महिन्याला त्याचं ऐकून घ्यावं लागणार होतं.

मी त्याला बाजूला घेतलं. “अरे, स्वतःच्या विरोधात हात वर केलास?”

“सर, ओमप्रकाश बेंचवर उभा होता. सगळं दिसतं तिथून. उद्या कुणाला उन्हात पाठवायचं, कुणाला सावलीत, ते तोच ठरवतो.”

मी सावंतकाकांकडे गेलो. हे कॅम्प बॉस. मालवणचे, बावीस वर्षं कतारमध्ये. मी म्हटलं, ही निवडणूक रद्द. मतदान गुप्त झालं पाहिजे.

“हात वर करूक काय झाला? तू हय कॉलेज काढूक इलस काय?”

“काका, इंग्लंडात दीडशे वर्षांपूर्वी असंच चालायचं.”

“मगे? इंग्लंड बुडला?”

मी इतिहासात बीए आहे. सेफ्टीचा डिप्लोमा नंतर केला, पोटासाठी. त्यामुळे काकांना ऐकून घ्यावं लागलं. तिकडे मतदार लाकडी मंचावर चढायचा आणि आपलं मत मोठ्यानं सांगायचा. कारकून ते वहीत लिहायचा. खाली जमीनमालक उभा. कुळानं चुकीचं नाव घेतलं की जमीन गेली. चार्टिस्ट नावाच्या कामगार चळवळीनं सहा मागण्या केल्या होत्या, त्यात एक गुप्त मतदानाची. लोक हसले, धरपकड झाली, काहींना देशाबाहेर धाडलं. अखेर १८७२ मध्ये कायदा झाला. सभ्य म्हणवणाऱ्या देशाला एक पडदा लावायला एवढी वर्षं लागली!

“झाला?” काका म्हणाले. “आता तुझ्या सायबाक फोन कर.”

साहेब म्हणजे एचआर मॅनेजर कुलकर्णी सर. ऑफिस शहरात, बिन महमूदला, एका हॉटेलच्या वर. सरांनी शांतपणे ऐकलं.

“कदम, पुढच्या शुक्रवारी परत घ्या. एकदाच. रविवारी सकाळी नाव माझ्या टेबलावर पाहिजे. नाहीतर ओमप्रकाशचं पाठवून देतो. आणि पत्रकं बित्रकं वाटू नका हं. हे पुणं नाही.”

मी पत्रक वाटलं नाही. वर ‘सूचना’ असं लिहून दोन पानी मजकूर नोटीस बोर्डावर लावला. हिंदीत. इंग्लंडातला मंच, कारकून, जमीनमालक, सगळं होतं त्यात. शेवटचा परिच्छेद तर फार चांगला उतरला होता. आठवडाभरात तो माझ्याशिवाय कुणी वाचल्याचं मला दिसलं नाही. ब्लॉकमध्ये निम्मी माणसं तेलुगू आणि बंगाली बोलणारी, उरलेल्यांत अनेकांना वाचता येत नव्हतं. हे वेल्फेअर ऑफिसरला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंही. पण हातात पेन आलं की मी माणसं विसरतो.

मतपत्रिका मात्र झोकात केल्या. दोन उमेदवारांचे फोटो, खाली चौकोन. शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, सकाळी आठला इस्त्रीच्या खोलीत चादर बांधली, पेटी ठेवली. काकांनी मेसमधली मेणबत्ती आणून पेटीला मेणाचं सील केलं आणि पार्सलवर मारायचा ‘व्हेज’चा शिक्का त्यावर उठवला. मला फार आनंद झाला. इंग्लंडातल्या पहिल्या गुप्त मतदानात पेटीच्या लाखेवर ज्येष्ठमधाच्या वड्यांच्या कारखान्यातला शिक्का मारला होता. काकांना हे सांगितलं.

“आमचो व्हेज बरो,” ते म्हणाले.

पहिली तीस माणसं आत गेली आणि पाच पाच सेकंदांत बाहेर आली. इतक्या लवकर? पुढचा दिलबहादूर. तो मतपत्रिका घेऊन आत गेलाच नाही. माझ्यासमोर उभा राहिला.

“सर, हा माझा नंबर आहे.”

मी बघितलं. मतपत्रिकेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात त्याचा एम्प्लॉयी नंबर. पुढच्या मतपत्रिकेवर पुढच्याचा. कॅम्पात प्रत्येक गोष्टीवर नंबर असतो: हेल्मेट, बंक, लॉन्ड्रीची पिशवी, जेवणाचा डबा. मतपत्रिका मी हजेरीच्या टेम्प्लेटवर केल्या होत्या. कुणी दोनदा मत देऊ नये म्हणून नंबर ठेवले तर बरंच, असंही वाटलं होतं. वर ‘गुप्त मतदान’ असं ठळक छापलं होतं आणि खाली मतदाराची ओळख.

“हे तर हात वर करण्यासारखंच झालं,” दिलबहादूर म्हणाला. “फक्त हात कागदाचा.”

पेटी फोडली. तीसच्या तीस मतपत्रिका कोऱ्या. मला उत्तर मिळालं होतं.

गंमत म्हणजे इंग्रजांनीही आपल्या मतपत्रिकांच्या मागे नंबर छापलेच होते. त्यावर टीका मी कॉलेजात पानंच्या पानं भरून केली होती.

मी सगळ्या मतपत्रिका सर्वांसमोर फाडल्या. साडेनऊ वाजले होते. अकराला निम्मा ब्लॉक नमाजाला जाणार, मग बिर्याणी. बिर्याणीनंतर मत द्यायला रांगेत कोण उभा राहतो?

“कागद नको,” दिलबहादूर म्हणाला. “प्रत्येकाला एक वॉशर द्या. दोन डबे ठेवा, फोटो लावून. ज्याला पाहिजे त्याच्या डब्यात टाकेल.”

मेसमधून तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे आले. वर फट पाडली, फोटो चिकटवले. स्टोअरमधून नटबोल्टचे लोखंडी वॉशर आणले. ट्रायल म्हणून मी आत गेलो आणि एक वॉशर टाकला. टण्!

बाहेरून काकांचा आवाज आला, “दाराकडच्या डब्यात!”

दुसरा टाकला. ठक्.

“भिंतीकडच्या! झिला, माका हयसून सगळा कळता. ओमप्रकाशाक कळाचा नाय?”

रांग हसली. ओमप्रकाशसुद्धा हसला. मी वॉशर परत गोळा केले. लहान, एकसारखी आणि आवाज न करणारी वस्तू पाहिजे होती. शिवाय कॅम्पात कुणाकडे आधीपासून नसलेली. आणि मग माझ्यातला इतिहासवाला बाजूला झाला आणि डिप्लोमावाला जागा झाला. इयर प्लग! साईटवर कानात घालायचे फोमचे बोळे. आमच्याकडे नारिंगी मिळतात. माझ्या कपाटात एका सप्लायरनं दिलेला हिरव्या सॅम्पलचा खोका पडून होता.

यादीवर टिक, हातात एक हिरवा प्लग, चादरीच्या आत. कापसासारखा पडायचा. काका दाराशी कान लावून बसले आणि प्रत्येक वेळी मान हलवायचे: काही नाही. ओमप्रकाशनं मत दिलं. दिलबहादूरनं दिलं. पावणेअकराला शेवटचा माणूस बाहेर आला.

“यल्ला, चला, खोला,” काका म्हणाले.

दिलबहादूर एकशे नऊ. ओमप्रकाश बेचाळीस. एक प्लग कमी भरला. चौकशी केली तेव्हा कळलं, तो मतदार प्लग कानात घालून खोलीत झोपला होता.

मेसमध्ये टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. टाळीचा हातही दिसतोच. पण त्या दिवशी बिर्याणी वाढताना दिलबहादूरच्या ताटात तीन वेगवेगळ्या माणसांनी आपल्यातला तुकडा टाकला. ओमप्रकाश माझ्याकडे येऊन म्हणाला, “चलो, मीटिंग का सरदर्द गया.” आवाज पडला होता, पण बोलला.

पहिल्या मीटिंगला दिलबहादूर बिन महमूदला आला, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्याला सात मुद्दे टाईप करून दिले होते. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

“फेरी बदला,” तो कुलकर्णी सरांना म्हणाला. “एक दिवस ते पहिले, एक दिवस आम्ही.”

सरांनी विचारलं, “एवढंच?”

“आज एवढंच. पुढच्या महिन्यात दुसरी बस मागणार.”

फेऱ्या त्याच आठवड्यात बदलल्या. दुसरी बस यायला पाच मीटिंगा लागल्या. पाचही मीटिंगांत त्यानं ‘दुसरी बस पाहिजे’ हे एकच वाक्य सांगितलं.

तेव्हापासून मी कुठलाही गोपनीय फॉर्म छापला की आधी कॅम्पात नेऊन दिलबहादूरला दाखवतो. तो पहिल्यांदा कोपरे बघतो.